डोळा शेवटी

वर्षातल्या पहिल्या तासाला मॅडम फळ्यावर काही लिहीत नसत. खडू नुसता हातात धरायच्या, टेबलाच्या कडेला टेकायच्या आणि पोपटाची गोष्ट सांगायच्या. मानसशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी पोपट उडालाच पाहिजे, असा त्यांच्या वर्गाचा रिवाजच पडून गेला होता. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटायचे. विषय विसरलेले असायचे, परीक्षेत काय लिहिलं ते तर कधीच पुसलेलं असायचं, पण हटकून विचारायचे, "मॅडम, पोपट काय म्हणतोय?"

मॅडमचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली त्यांचं काम चालायचं. टर्पेंटाइनचा वास, रंगाचे डबे, डब्यांत उभे ब्रश, आणि भिंतीला टेकवलेली माणसापेक्षा उंच फळी. त्यांची कामाची एक रीत होती. पाटीवर चित्र असलं, माणसाचं असो की मांजराचं, डोळा सगळ्यात शेवटी काढायचा. एकदा डोळा काढला की चित्र आपल्याकडे बघायला लागतं, मग हात मोकळा राहत नाही, असं ते म्हणत. रंगवता रंगवता गुणगुणायचे,

आधी अंग, मग रंग,
मग रेघेची धार;
डोळा शेवटी, पोरी, डोळा शेवटी,
मग उघडेल दार.

एकदा वह्यापेनांच्या दुकानासाठी त्यांनी पोपट काढला. पंख झाले, चोच झाली, गळ्याचा गोफ झाला. डोळा राहिला. तेव्हा त्यांनी लेकीला खांद्यावर बसवलं, काळ्या रंगात बुडवलेला ब्रश तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "काढ."

"चार वर्षांची होते मी," मॅडम सांगायच्या. "ब्रश टेकला, घसरला. डोळा झाला बटाट्याएवढा. वरून रंगाचा थेंब टपकला तो थेट बाबांच्या कपाळावर. आणि बाबा हसले. असे हसले, की भुवईवरून काळा ओघळ मिशीत उतरला तरी हसतच राहिले. डोळा त्यांनी तसाच ठेवला. पुढे त्या रस्त्यानं जाणारे त्याला दचकलेला पोपट म्हणायचे."

वर्ग हसायचा. मग मॅडम हळूच विचारायच्या, "आता सांगा, ही आठवण खरी आहे कशावरून?" आणि तिथून विषय सुरू व्हायचा. मनाचे कल. काटा रिकामा असतानाच एका बाजूला कसा झुकलेला असतो. निकाल लागल्यावर 'मला ठाऊकच होतं' असं आपण का म्हणतो. पटतं तेवढंच कसं ऐकू येतं. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे, हे सगळं शिकलेला माणूससुद्धा स्वतःला त्यातून अलगद कसा वगळतो.

यंदा त्यांचा शेवटचा पहिला तास होता. वर्ष संपलं की निवृत्ती. पोपट जरा जास्तच रंगला. वर्ग हसला, आणि हसणं ओसरल्यावर मागच्या बाकावरची, वेणीचं टोक चघळत बसलेली एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही खांद्यावर होता ना?"

"हो तर."

"मग मिशी कशी दिसली?"

"अगं, समोर आरसा असेल," कुणीतरी म्हणालं.

"अंगणात?" ती मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"चांगला प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. उत्तर नसलं की मास्तर लोक असंच म्हणतात. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या तासाला फळ्यावर काहीतरी लिहायला लागल्या.

*

कॉलेजात मॅडम, पण घरात ती पिटू. लहान होती म्हणून पिटुकली, आणि पुढे उंची वाढली तरी नाव काही वाढलं नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर पिटू आपल्या खोलीत जाऊन बसली. खोली म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. कपाटं, टेबल, आणि खिडकीत एक जुना टेपरेकॉर्डर, ज्याची मोठाली चक्रं आता फिरत नव्हती. संशोधनाच्या दिवसांतला तो. विभागानं नवी यंत्रं घेतली तेव्हा भंगारात निघाला होता, पिटूनं मागून घेतला.

त्या टेपरेकॉर्डरसमोर तिचं तारुण्य गेलं. विद्यापीठाच्या तळघरात दोन खोल्या, मधे बोळ. बोळात दिव्याचा पिवळा उजेड आणि सरांच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास. सर तिचे मार्गदर्शक. उंच, वाकलेले, आणि खिसा गोळ्यांनी फुगलेला. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "एवढे विषय पडलेत, आठवणच का?"

"घरी भांडण झालंय, सर," पिटू बोलून गेली होती.

भांडण ताईशी झालं होतं. ताई तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. पिटूनं जेवताना पोपटाची गोष्ट काढली, कितव्यांदा कुणास ठाऊक. ताईनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, "खांद्यावर मी होते."

"काहीही! मला स्पष्ट आठवतंय. बाबा किती हसले!"

"हसले? खांद्यावर बसून तुला हसणं दिसलं?" ताई म्हणाली. "रचतेस तू. पहिल्यापासून रचतेस."

पिटू रडली, ताट सारून उठली. आई वैतागून म्हणाली, "कुणीही असेना खांद्यावर! खांदा तर एकाचाच होता ना?" त्यानंतर ताईनं तो विषय कधी काढला नाही. पिटूनं गोष्ट सांगितली की ती उठून कपडे वाळत घालायला जायची. ती गप्प बसली म्हणजे तिनं मान्य केलं, असं पिटूनं आपलं धरून टाकलं. आणि 'रचतेस' एवढाच शब्द लक्षात ठेवला. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र साफ गळून गेला होता. तो आज वेणी चघळणाऱ्या मुलीनं परत आणून हातात ठेवला.

सरांना ते भांडण फार आवडलं होतं. "हाच तुमचा प्रबंध," ते म्हणाले होते. "एक आठवण, दोन मालक."

मग वर्षानुवर्षं भावंडांच्या जोड्या तळघरात येत राहिल्या. दोन भाऊ आले होते, दोघांनाही एकच कुत्रा चावलेला. एकाच्या पोटरीवर वण होता. दुसऱ्याच्या नव्हता, तरी त्यानं तितक्याच तावातावानं विजार वर केली. जुळ्या बहिणी आल्या, बक्षीस कुणाला मिळालं यावर पन्नाशीतसुद्धा अबोला धरलेल्या. आणि गंमत म्हणजे त्यांतलं कुणीच खोटं बोलत नसायचं. जवळच्या माणसाच्या अंगावरून गेलेली गोष्ट ऐकत ऐकत अंगाला लागते, थंडीत एकमेकींची शाल पांघरावी तशी, आणि मग शाल कुणाची ते आठवत नाही.

सरांचा नियम होता. आधी दोन खोल्या, मग एक. एकाला इकडे बसवायचं, दुसऱ्याला तिकडे. आणि दोघांना एकच सांगायचं: "माहीत आहे ते नको. डोळे मिटून जे दिसतं तेवढंच सांगा." स्वतः जगलेलं माणसाला बहुधा आपल्याच डोळ्यांतून दिसतं, ऐकलेलं बाहेरून, फोटोतल्यासारखं. "पण यावर पैज लावू नका," सर म्हणायचे. "मन फार बेरकी."

एकदा गोळी चघळत त्यांनी विचारलं होतं, "तुमचा पोपट कधी बसवताय त्या खोलीत?"

"माझा पोपट शहाणा आहे, सर. त्याला तपासायची गरज नाही."

सर नुसते हसले होते. आता सर नव्हते, तळघरात सायकली ठेवल्या जात होत्या म्हणे. आणि जिन्याखालच्या खोलीत पिटू डोळे मिटायला घाबरत होती.

कारण बाबांची आठवण म्हणून तिच्याजवळ एवढी एकच होती. पोपटानंतर लवकरच ते तापानं गेले. घरात एक फोटो होता. त्यात ते समोर बघत, श्वास रोखून उभे होते. मिशी होती, हसू नव्हतं. बाकी सगळं ऐकीव. आई सांगायची, शेजारी सांगायचे. तिचं स्वतःचं असं काय, तर तो खांदा. तोही ताईचा निघाला, तर तिच्या वाट्याला बाबा उरणार होते ते फक्त फोटोपुरते.

पण प्रश्न एकदा उभा राहिला की खाली बसत नाही. रविवारी तिनं चपला घातल्या आणि ताईकडे गेली.

*

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आई थकल्यावर तिनं कॉलेज सोडून कानाला हेडफोन लावला, म्हणून पिटू एम.ए. झाली. हे ताईनं कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या आवाजात मात्र अजून एक्स्चेंज होतं, वाक्य पुरं व्हायच्या आत ती लाइन जोडून द्यायची.

"ये. चहा टाकलाय. साखर नाही घालत तुझ्यात. बस."

भाऊजी गच्चीवर पेपर घेऊन बसलेले. जन्मभर कोर्टात लघुलेखक. साक्षीदार बोलतील ते जसंच्या तसं उतरवणारे. अजूनही कुणी बोलायला लागलं की त्यांची बोटं मांडीवर हलायची.

"या, मनकवड्या बाई," ते तिथूनच ओरडले. "तुमच्यासमोर विचारसुद्धा जपून करावा लागतो."

"तुमच्या मनात काय आहे ते सांगायला शिक्षण कशाला, भाऊजी? भूक लागलीय तुम्हाला."

"बघ! बघ!" भाऊजी ताईला म्हणाले.

चहा झाल्यावर पिटूनं कप बाजूला ठेवला. "ताई, पोपटाचं बोलायचंय."

ताई लगेच उठली. "कपडे राहिलेत वाळत घालायचे."

"बस ना गं. यंदा मी भांडायला नाही आले. एक प्रयोग करायचाय. तू स्वयंपाकघरात बस, मी गच्चीत भाऊजींना सांगते, मला काय दिसतं ते. मग मी तुझ्याकडे येते, तू मला सांग. मग भाऊजी माझं म्हणून दाखवतील."

"म्हणजे मी साक्षीदार की शिपाई?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही टेपरेकॉर्डर."

"बढती झाली म्हणायची."

ताई काही हसली नाही. "आता काय करायचंय ते उकरून? तुला दिला ना तो खांदा? घे की, ठेव."

'दिला' हा शब्द पिटूला लागला. पण ती म्हणाली, "तपासल्याशिवाय घेतला, ताई. म्हणून आले."

ताईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दार लोटून घे."

*

गच्चीत पिटूनं डोळे मिटले. इतक्या जणांना तिनं मिटायला लावले होते. आता स्वतःचे दोनदा उघडले, मग मिटून घेतले.

"माहीत आहे ते नको," ती स्वतःशीच पुटपुटली. मग भाऊजींना म्हणाली, "दिसतं तेवढंच सांगते हं. बाबांची हनुवटी दिसतेय. खालून. हनुवटीखाली थोडी दाढी राहून गेलीय, वस्तरा फिरायचा राहिलेली. मग मिशी. नाक. कपाळावर थेंब पडतो... भुवईत अडकतो, मग ओघळतो, डोळ्याच्या कडेनं, मिशीत. एक डोळा त्यांनी गच्च मिटलाय. तोंड उघडं, पुढचे दात दिसतायत. हसतायत. आवाज नाही येत, फक्त दिसतंय."

"पुढे," भाऊजी हलकेच म्हणाले. बोटं मांडीवर चालूच होती.

"मी खाली बसलेय. डब्यांपाशी, फळीच्या पायाशी. ढुंगणाखाली गार लागतंय. माझ्या मांडीवर चप्पल आहे. एकच. मोठी आहे, माझी नाही. मी तिच्यात हात घातलाय. आणि वर... वर एक पाय लोंबतोय. उघडा. गुडघ्याला खपली."

ती थांबली. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, साखळी कुरकुरत होती.

"पाय माझा नाहीये, भाऊजी," ती म्हणाली.

"तेही उतरवू?"

"उतरवा."

इतकी वर्षं हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. चप्पल होती, पाय होता. पण गोष्ट सांगायची म्हणजे खांद्यावर चढावं लागे, आणि चढताना ती चप्पल दर वेळी खाली टाकत आली होती.

*

स्वयंपाकघरात ताई ओट्याला पाठ लावून उभी होती. पिटू खालच्या पाटावर बसली. लहानपणी बसायची तशीच, ताईकडे मान वर करून.

"सांग, ताई. दिसतं तेवढंच."

"दिसत काही नाही गं," ताई म्हणाली. "पोपट एवढा जवळ, की नुसतं हिरवं. बाबांचे केस हातात धरलेले, तेलकट, मुठीतून निसटणारे. चप्पल कधीच खाली पडलेली. तू ती हातात घालून बसली होतीस, मला दे म्हटलं तर देईनास. आणि ब्रश घसरला. एवढा मोठा डोळा झाला. मला वाटलं, गेली पाटी. किती दिवस त्यांनी तो पोपट काढला होता, पंखातलं एकेक पीस. मग ते हलायला लागले. खांदे असे गदागदा. मला कळलं, रागावलेत. नाहीतर रडतायत. मला खाली उतरवलं, एक शब्द बोलले नाहीत, पाठ फिरवून नळाकडे गेले. मी दारामागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पाटी गेली. आणि मग ते आजारीच पडले ना गं थोड्या दिवसांनी. मी कधी विचारलं नाही."

पिटूला एकदम ती गल्ली आठवली. शाळेत जाताना ताई तिचा हात धरून मागच्या, लांबच्या गल्लीनं न्यायची. समोरचा रस्ता सरळ होता, त्यावर वह्यापेनांचं दुकान होतं. "तिकडे कुत्री असतात," ताई म्हणायची. पिटूला कुत्री कधी दिसली नाहीत. मोठी झाल्यावर ती एकटी त्या रस्त्यानं गेली आणि रोज जायला लागली.

"ताई, तू ती पाटी लागलेली कधी बघितलीच नाहीस?"

"कशी बघणार? माझी घाण मीच बघू?"

"अगं, तो डोळा तसाच होता! बटाट्याएवढा. खाली काळा ओघळसुद्धा. त्यांना एका फडक्यानं पुसता आला असता, टर्पेंटाइनचा डबा पायाशी होता. नाही पुसला."

ताई बघत राहिली. "मला वाटायचं, तू रचून सांगतेस ते. दचकलेला पोपट वगैरे. हसले वगैरे. खांद्यावर बसलेलीला चेहरा कुठून दिसणार? म्हटलं, एक खोटं तर सगळंच खोटं."

"खांद्यावर नव्हतेच मी," पिटू म्हणाली. वाटलं होतं तितकं ते दुखलं नाही. "खांदा तुझा. मी खाली होते. तुझी चप्पल माझ्याकडे होती. म्हणून तर चेहरा दिसला. ते हसत होते, ताई."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"भाऊजी!" पिटूनं हाक मारली.

भाऊजी आले, दारात उभे राहिले, आणि कोर्टात वाचायचे तशा सपाट आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. हनुवटीखालची दाढी. एक गच्च मिटलेला डोळा. मिशीत उतरलेला ओघळ. उघडं तोंड, पुढचे दात. मांडीवरची चप्पल. वर लोंबणारा उघडा पाय, गुडघ्याला खपली. शेवटी "पाय माझा नाहीये, भाऊजी" हेसुद्धा म्हटलं, आणि तेवढ्या एका वाक्याला त्यांचा आवाज सपाट राहिला नाही.

ताईचा हात नकळत गुडघ्याकडे गेला होता.

"मिशी," ती म्हणाली. "संध्याकाळी आई त्यांच्या मिशीला फडकं घासत होती. टर्पेंटाइनचा वास येत होता घरभर. ती म्हणत होती, हलू नका हो, हलू नका. मला कळलंच नाही कधी, मिशीला काय झालं होतं ते." मग तिनं भुवया आक्रसल्या, लाइन जोडताना आक्रसायची तशा. "आणि नळाकडे गेले ते... डोळा धुवायला?"

"गच्च मिटला होता ना एक."

"आणि ते हलणं?"

ताईनं ते स्वतःच जोडलं.

"म्हणजे मी त्यांच्या हसण्यावर बसले होते," ती म्हणाली. "पिटे, मी हसण्यावर बसले होते गं!"

आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओट्यावरचे कप किणकिणत होते. पाटावर बसलेली पिटू खालून बघत होती. हनुवटी. उघडं तोंड. पुढचे दात. ते दात तिनं ओळखले.

"पुन्हा सांगा," ताई पदरानं डोळे टिपत भाऊजींना म्हणाली. "दाढीपासून सांगा."

"एक मिनिट," पिटू म्हणाली. "आधी केस. ताई, केसांचं सांग ना. मुठीत कसे लागत होते?"

ताईनं ओट्यावरची तेलाची बाटली उघडली, दोन बोटं तेलात बुडवली, एकमेकांवर चोळली आणि वाकून पिटूच्या तळहातावर ठेवली.

"असे," ती म्हणाली. "आणि कोमट."